बकरीने खाल्लेली जन्मतारीख

२५ सप्टेंबर १९६५. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहराचे बेसबॉलचे मैदान. मैदानाच्या कडेला एका झुलत्या खुर्चीत एक उंच, सडपातळ, काळा माणूस पाय पसरून बसला आहे. शेजारी पांढऱ्या गणवेशातली परिचारिका त्याच्या उजव्या हाताला मलम चोळते आहे. हा सगळा देखावा संघाचे मालक चार्ल्स फिन्ली यांनी तिकिटे खपवण्यासाठी मांडलेला. संघ गुणतक्त्यात तळाला, प्रेक्षक फिरकेनासे झालेले. मालकाला काहीतरी गंमत हवी होती, आणि लोक हसलेही. मग तो माणूस खुर्चीतून उठला, संथ पावले टाकीत मैदानाच्या मधोमध गेला आणि तीन डाव त्याने बोस्टन रेड सॉक्सच्या फलंदाजांना एकही धाव काढू दिली नाही. त्यांच्या पदरात पडला अवघा एक फटका. तोही कार्ल यास्त्रेम्स्की या त्या काळच्या नामांकित खेळाडूच्या बॅटचा. खेळ आटोपून तो परतला तेव्हा दिवे मालवण्यात आले आणि लोकांनी काड्या नि लायटर पेटवून अंधारात त्याच्यासाठी गाणी म्हटली. आता कुणी हसत नव्हते.

त्या दिवशी त्याचे वय सरकारी कागदाप्रमाणे ५९ वर्षे आणि सुमारे अडीच महिने होते. मेजर लीगच्या सामन्यात इतक्या वयाचा खेळाडू त्याआधी कधी उतरला नव्हता, नंतरही उतरलेला नाही. सरकारी कागदाप्रमाणे, हे शब्द मुद्दाम घातले आहेत. कारण सॅचेल पेज या माणसाचे वय हा अमेरिकेतल्या दोन पिढ्यांच्या करमणुकीचा विषय होता. वर्तमानपत्रांत त्याची जन्मसाले छापून येत ती १९०० पासून १९०८ पर्यंत कुठलीही; आणि त्यातली बरीचशी खुद्द त्यानेच पुरवलेली असत.

अलीकडे बेसबॉल आणि वय हे दोन शब्द एकत्र आले की बातमी असते ती डोमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातल्या कोवळ्या मुलांची. दुसऱ्याच्या जन्मदाखल्यावर खेळणारी, वीस वर्षांची असून सोळा सांगणारी मुले. त्या मुलांकडे आपण येणारच आहोत. पण आधी हा म्हातारा समजून घ्यावा. एक तर तो त्या देशात प्रत्यक्ष जाऊन आला होता, आणि तेही एका हुकूमशहाच्या बोलावण्यावरून. शिवाय माणसाच्या वयाचा भाव कोण ठरवतो, हे त्याच्या आयुष्यात जितके उघड दिसते तितके क्वचितच दिसते.

अलाबामा राज्यातल्या मोबील या बंदराच्या गावी ७ जुलै १९०६ रोजी लीरॉय रॉबर्ट पेजचा जन्म झाला. बाप जॉन माळीकाम करी, आई लूला लोकांचे कपडे धुई. बारा भावंडांतला हा सातवा. घरात एवढी तोंडे, तेव्हा पोर कळती झाली की कमाईला लागायची. लीरॉय रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या बॅगा वाहू लागला. एका बॅगेला दहा सेंट. एका वेळी एकच बॅग न्यायची तर दिवसभरात सुटणार किती? त्याने एक काठी आणि दोऱ्या घेतल्या आणि कावडीसारखी तीनचार बॅगांची सोय केली. अमेरिकेत प्रवासी बॅगेला सॅचेल म्हणतात. पोरांनी त्याला तेच नाव ठेवले. ही त्याची स्वतःची कथा. त्याच्या एका बालमित्राच्या म्हणण्याप्रमाणे मात्र हे नाव बॅग वाहण्यावरून नव्हे, बॅग लांबवताना पकडला गेल्यावरून पडले. दोन्ही कथा खऱ्या असायलाही हरकत नाही.

आडनावाचीही तीच तऱ्हा. घराण्याच्या मूळ इंग्रजी आडनावात पुढे घरच्यांनी मध्ये एक आय अक्षर घातले. देवनागरीत त्याने काही फरक पडत नाही, पेज ते पेजच. पण कागदावर माणूस वेगळा झाला. म्हणजे नाव स्टेशनावर मिळालेले, आडनाव दुरुस्त केलेले आणि जन्मतारखेचा पत्ता नाही.

जन्मतारखेबद्दल तो एक कथा सांगे. त्याच्या जन्माची नोंद घरच्या बायबलमध्ये करून ठेवली होती. एके दिवशी आजोबा झाडाखाली ते बायबल वाचत बसले असता वाऱ्याने नोंदीचे पान उडाले आणि घरच्या बकरीने ते खाऊन टाकले. ऐकणाऱ्याप्रमाणे कथेत फरक पडे; कधी झाड बदले, कधी बकरीला भलतेच दीर्घायुष्य लाभे. गोरे बातमीदार पोट धरून हसत आणि लिहून घेत.

बकरीने काय खाल्ले असेल ते असो, सरकारच्या दप्तरातले पान मात्र शाबूत होते. मोबीलच्या आरोग्य खात्यात त्याच्या जन्माची नोंद होती. आणखीही एका सरकारी ठिकाणी त्याच्या वयाचा चोख हिशेब होता. जुलै १९१८ मध्ये, बारा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम पंधरवडा झाला असेल, एका दुकानातून खेळण्यातल्या अंगठ्या उचलल्याबद्दल आणि शाळा बुडवत असल्याबद्दल त्याला माउंट मेग्ज इथल्या काळ्या मुलांच्या सुधारगृहात पाठवण्यात आले. तिथून तो सुटला डिसेंबर १९२३ मध्ये, अठरावे पूर्ण व्हायला काही महिने असताना. मूठभर नकली अंगठ्यांना साडेपाच वर्षे! या मुलाचा खेळाडू म्हणून विचार करायची वेळ आली तेव्हा ज्या समाजाला त्याचे वय ठाऊक नव्हते, त्याला शिक्षा द्यायची वेळ आली तेव्हा ते बरोबर ठाऊक होते.

सुधारगृहात एडवर्ड बर्ड नावाच्या शिक्षकाने त्याला चेंडू फेकायला शिकवले. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला गोलंदाज. फरक इतकाच, की चेंडू टप्पा न देता थेट फलंदाजाकडे फेकायचा. मोबीलच्या गल्ल्यांत दगडांनी नेम साधून या पोराचा हात तयार झालेलाच होता. बर्डने त्याला डावा पाय उंच उचलून फेकायला शिकवले, आणि फलंदाजाच्या डोळ्यांकडे नव्हे तर गुडघ्यांकडे पाहायला शिकवले. पाच वर्षांचे स्वातंत्र्य देऊन आपण चेंडू टाकण्याची विद्या विकत घेतली, असे तो पुढे म्हणत असे. हा सौदा त्याला महाग वाटला नाही. वाचणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

आता विसाव्या वर्षीचा पेज डोळ्यांसमोर आणा. सहा फुटांहून उंच, हातपाय काटक्यांसारखे लांब, आणि चेंडू असा की फलंदाजाला दिसण्याआधी ऐकू यायचा म्हणतात. आज असा मुलगा सापडला तर क्लब त्याच्या दारात रांगा लावतील. १९२६ साली चॅटनूगाच्या काळ्यांच्या संघाने त्याला महिन्याच्या थोड्याशा डॉलरांवर घेतले, पुढल्या वर्षी बर्मिंगहॅमच्या संघाने. मेजर लीगमध्ये काळ्यांना घ्यायचे नाही, असा लेखी नियम कुठेच नव्हता. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सगळ्या मालकांनी तो पाळला होता. म्हणून काळ्यांनी आपल्या वेगळ्या लीग काढल्या होत्या. त्यांना निग्रो लीग म्हणत. पेज तिथला राजा झाला.

राजा, पण एका गादीवर स्थिर बसणारा नव्हे. करार मोडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे जायचे, उद्या दुसरा आला की त्याच्याकडे. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचे मालक गस ग्रीनली याच्यापायी हैराण झाले. १९३५ साली तो त्यांना सोडून थेट कॅनडाच्या सीमेजवळच्या बिस्मार्क गावी गेला, तिथल्या काळ्यागोऱ्यांच्या मिश्र संघातून खेळला आणि विचिटाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. उन्हाळ्यात लीग, थंडीत गावोगावचे प्रदर्शनी सामने. खऱ्या अर्थाने बारा गावचे पाणी प्यायलेला माणूस. रंगात आला की मागच्या क्षेत्ररक्षकांना खाली बसायला सांगून तो तिन्ही फलंदाज एकट्याने बाद करी, अशा आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. डिझी डीन, बॉब फेलर, ज्यो डिमॅजिओ हे गोऱ्यांचे दिग्गज हंगाम संपल्यावर त्याच्याविरुद्ध खेळत. डिमॅजिओला १९३६ मध्ये त्याच्यावर एक फटका मिळाला, आणि तेवढ्यावरून हा पोरगा मोठ्या सामन्यांना तयार झाला असे त्याला पाहायला आलेल्यांनी ठरवले. म्हणजे गोऱ्या खेळाडूची कसोटी पेजवर लागत होती. पेजची स्वतःची कसोटी मात्र कुणी घेत नव्हते.

१९३७ च्या वसंतात न्यू ऑर्लिन्समध्ये सराव चालू असताना काही परदेशी पाहुणे त्याला गाठायला आले. ते डोमिनिकन रिपब्लिकचे होते. तिथे १९३० पासून राफाएल त्रुहियो या लष्करशहाची सत्ता होती. राजधानीचे सांतो दोमिंगो हे शेकडो वर्षांचे नाव बदलून त्याने तिला स्वतःचे नाव दिले होते, सिउदाद त्रुहियो. आता या नावाच्या शहराचा संघ हरून कसे चालेल? आदल्या वर्षी अजिंक्यपद सान पेद्रो दे माकोरिस या ऊसमळ्यांच्या गावाने नेले होते. पाहुण्यांनी पेजच्या नावे बँकेत तीस हजार डॉलर भरण्याचे कबूल केले. त्यातून त्याने आपले आणि आणखी काही खेळाडूंचे पैसे वाटून द्यायचे. त्या काळच्या तीस हजार डॉलरची किंमत सांगत बसत नाही, पण ग्रीनलीचा संघ त्या एका भरण्याने कोसळला एवढे खरे. जॉश गिब्सन, कूल पापा बेल, सगळे मोहरे बेटावर पोहोचले.

पेजच्या आठवणींत हा भाग विनोदी आहे, पण त्या विनोदाखाली भीती जाणवते. खेळाडूंवर बंदूकधारी शिपायांचा पहारा. निर्णायक सामन्याच्या आदल्या रात्री ते कुठे भटकू नयेत म्हणून त्यांना कोंडून ठेवल्याचे सांगतात. मैदानाभोवती सैनिक उभे. हरलो तर काय होईल हे कुणी बोलले नाही आणि कुणी विचारलेही नाही. ते जिंकले आणि पहिल्या संधीला मायदेशी परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्रुहियोच्या सैन्याने सीमेलगतच्या हजारो हैतीवासीयांची कत्तल केली. तेव्हा पेजची भीती अगदीच कल्पनेतली नव्हती. या एका हंगामाच्या उधळपट्टीने त्या देशातली व्यावसायिक लीग अशी बसली, की ती पुन्हा उभी राहायला १९५१ साल उजाडले. पण एक गोष्ट त्या बेटावरच्या पोरांनी पाहून ठेवली असणार: काळ्या माणसाला चेंडू नीट फेकता आला तर त्याच्या खात्यात हजारो डॉलर जमा होतात.

पुढल्याच वर्षी मेक्सिकोत त्याचा हात गेला. खांदा उचलेना. कागदाप्रमाणे तो बत्तिशीत होता आणि संपला होता. कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्याला दुय्यम संघात ठेवले, ते केवळ नाव तिकिटे विकते म्हणून. गावोगाव मंद चेंडू टाकीत फिरता फिरता काही महिन्यांनी हात पूर्ववत झाला. कसा ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही. मधल्या काळात मात्र वेगावाचून भागवायची कला तो शिकला होता: फेकीच्या मध्येच क्षणभर थबकणारा हात, वळणे, चकवे. १९४२ च्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने जॉश गिब्सनला तिन्ही तळ भरलेले असताना बाद केले. गिब्सन समोर यावा म्हणून आधीच्या फलंदाजाला त्याने मुद्दाम तळ बहाल केला, अशी दंतकथा आहे.

१९४५ साली ब्रूकलिन डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी रंगभेदाची भिंत पाडायला माणूस शोधला. तो पेजच्याच मोनार्क्स संघात होता, पण पेज नव्हता. छब्बीस वर्षांचा, कॉलेजात शिकलेला, शिस्तीचा जॅकी रॉबिन्सन. निवड योग्य होती. पेजसारख्या लहरी माणसाला घेऊन ते काम होणारे नव्हते. तरीही वीस वर्षे गोऱ्या दिग्गजांना हरवून काळ्यांचा खेळ ज्याने लोकांच्या नजरेत भरवला, त्याला हे लागले. त्याने ते लपवलेही नाही. १९४७ मध्ये रॉबिन्सन मैदानात उतरला तेव्हा पेज चाळीस पार करून बसला होता. जॉश गिब्सन त्याच्या तीनच महिने आधी, पस्तिसाव्या वर्षी वारला होता.

आणि इथे वय हा प्रश्न प्रथमच उपस्थित झाला. तोवर ते विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती. १९४८ च्या उन्हाळ्यात क्लीव्हलँड इंडियन्सचे मालक बिल वेक यांना विजेतेपदासाठी आणखी एक पिचर हवा होता. त्यांनी पेजला चाचणीला बोलावले. जमिनीवर सिगारेट ठेवून तिच्यावरून चेंडू टाकायला सांगितले आणि पाचांतला एक वगळता सगळे चेंडू तिच्यावरून गेले, असे वेक रंगवून सांगत. कर्णधार लू बूड्रोने बॅट घेऊन पाहिली आणि त्याला काही करता आले नाही. ७ जुलै १९४८ रोजी करार झाला. त्या दिवशी पेजला बेचाळीस वर्षे पूर्ण झाली. दोन दिवसांनी तो मेजर लीगमध्ये नवशिका खेळाडू म्हणून उतरला!

क्रीडा साप्ताहिकांतल्या सर्वांत वजनदार साप्ताहिकाचे संपादक जे. जी. टेलर स्पिंक यांनी या निवडीवर कडाडून टीका केली. एवढ्या वयाचा माणूस घेणे म्हणजे खेळाचा दर्जा घालवणे, हा त्यांचा मुद्दा. वीस वर्षांचा होता तेव्हा त्याला का घेतले नाही, हे मात्र त्यांनी विचारले नाही. पेजने उत्तर मैदानावर दिले. ३ ऑगस्टला तो पहिल्यांदा सामन्याच्या आरंभापासून टाकायला उभा राहिला तेव्हा ७२,४३४ लोक आले. २० ऑगस्टला ७८,३८२. हंगामाअखेर सहा विजय, एक पराभव. क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि पाचव्या सामन्यात ८६,२८८ लोकांसमोर तो थोडा वेळ उतरला. वर्ल्ड सिरीजमध्ये चेंडू टाकणारा पहिला काळा पिचर.

याच वर्षी वेक मोबीलला गेले आणि पेजच्या घरच्यांना घेऊन आरोग्य खात्यात जन्मदाखला काढून आले. म्हणजे वयाचे गूढ १९४८ मध्येच उकलले होते. गंमत अशी, की कुणालाच ते उकललेले नको होते. वेकना नको, कारण गूढ तिकिटे विकते. वर्तमानपत्रांना नको, कारण गूढ रकाने भरते. पेजला तर मुळीच नको. बेचाळीस वर्षांचा पिचर म्हणजे उतरणीला लागलेला माणूस. वय कुणालाच ठाऊक नसलेला पिचर म्हणजे चमत्कार. त्यात १९५९ मध्ये त्याच्या नव्वदीतल्या आईने बातमीदाराला सांगितले, की पोरगा त्रेपन्न नव्हे, पंचावन्न वर्षांचा आहे आणि आपल्या बायबलात तशी नोंद आहे. पेजने आत्मचरित्रात जन्मदाखला छापला आणि आईचे बायबल आपल्याला कधी बघायला मिळाले नाही अशी तक्रार केली. बकरी तेवढी दोघांतून सुटली.

बँकेत निवृत्तिवेतनाची खाती पाहत असताना मला ज्यांच्या जन्मतारखा एक जून आहेत अशी माणसे इतकी भेटली, की त्या दिवशी महाराष्ट्रात दुसरे कुणी जन्मालाच येत नसावे असे वाटे. गावोगावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना पोराकडे बघून अंदाजे साल लिहिले आणि तारीख लिहिली एक जून. त्या एका फटकाऱ्यावर माणूस नोकरीला लागला, निवृत्त झाला. कुणाची दोन वर्षे फुकट गेली, कुणाला दोन वर्षे जास्त मिळाली. यात लबाडी फारच थोडी. पण कागदावरचे वय आणि हाडांचे वय या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि पगार मिळतो तो कागदावरच्या वयाला, हे त्या काउंटरच्या मागे बसून पक्के समजते.

डोमिनिकन रिपब्लिकमध्ये हेच समजलेले लोक पुढे धंद्याला बसले. रॉबिन्सन आणि पेजने उघडलेल्या दारातून त्या देशातली काळी मुलेही अमेरिकेत येऊ लागली. सान पेद्रो दे माकोरिस, ज्या गावाला हरवण्यासाठी पेजला नेले होते, ते तर मेजर लीगच्या खेळाडूंची खाणच ठरले. नियम असा, की परदेशी मुलाला सोळाव्या वर्षी करारबद्ध करता येते. सोळा वर्षांचा मुलगा वेगवान चेंडू टाकत असेल तर तो अजून वाढेल म्हणून त्याला लाखो डॉलर. तोच चेंडू एकोणीस वर्षांचा टाकत असेल तर किंमत कितीतरी कमी. तीन वर्षांची किंमत एवढी असेल तर ती पुसायला माणसे मिळतातच. तिथे मुले हेरून तयार करणाऱ्यांना बुस्कोन म्हणतात. त्यांना कराराच्या रकमेतला मोठा वाटा मिळतो. कुठे जन्माची नोंद उशिरा झालेली, कुठे धाकट्या भावाचा, चुलतभावाचा, शेजारच्या पोराचा दाखला वापरलेला. वय बदलण्याचा सोपा उपाय म्हणजे माणूसच बदलणे.

२००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातून खेळणारा एक डोमिनिकन मुलगा लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत गाजला. स्पर्धा बारा वर्षांपर्यंतच्यांची, मुलगा निघाला चौदाचा. त्याच सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकी वकिलातीने व्हिसाचे कागद बारकाईने तपासायला सुरुवात केली आणि शेकडो व्यावसायिक खेळाडूंच्या जन्मतारखा खोट्या ठरल्या. २००६ साली वॉशिंग्टनच्या संघाने सोळा वर्षांचा समजून एका मुलाला चौदा लाख डॉलर दिले. २००९ मध्ये कळले की तो करार झाला तेव्हाच वीस वर्षांचा होता, आणि नावही त्याचे नव्हते. मिगेल तेहादा हा नामवंत खेळाडू २००८ मध्ये चित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर जन्मदाखला दाखवला गेल्यावर दोन वर्षांनी थोरला झाला.

पेजच्या क्लीव्हलँड संघातही असा एक पिचर होता. फाउस्तो कार्मोना. २००७ मध्ये त्याने एकोणीस सामने जिंकले. जानेवारी २०१२ मध्ये व्हिसाच्या नूतनीकरणासाठी तो सांतो दोमिंगोच्या अमेरिकी वकिलातीत गेला आणि बाहेर पडताच पोलिसांनी त्याला धरले. तो कार्मोना नव्हता. त्याचे नाव रोबेर्तो एर्नांदेझ आणि वय तीन वर्षे जास्त. विसाव्या वर्षी त्याने सतराच्या मुलाचे नाव घेतले आणि अकरा वर्षे ते वापरले. विजय, आकडेवारी, पाठीवरची अक्षरे, सगळे दुसऱ्याच्या नावावर. त्याच वर्षी तो स्वतःच्या नावाने परत उतरला आणि २०१६ पर्यंत खेळला.

या मुलांना पेजच्या पंगतीला बसवायचे का? मला ते पटत नाही. पेजने कुणाचा दाखला चोरला नाही आणि त्याच्या थापेने कुणाची जागा गेली नाही. खोट्या सोळा वर्षांच्या मुलाला घेतले जाते तेव्हा एक खराखुरा सोळा वर्षांचा मुलगा घरी जातो, हे विसरून चालणार नाही. ज्याने नाव उसने दिले त्याचे पुढे काय, हाही प्रश्न उरतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट तीच आहे. वयाचा भाव काउंटरच्या पलीकडच्या माणसाने ठरवला. काळा म्हणून ज्याला विसाव्या वर्षी शून्य भाव, त्यालाच बेचाळिसाव्या वर्षी गूढ म्हणून मोठा भाव. ऊसमळ्यातल्या पोराला सोळाव्या वर्षी सोन्याचा आणि एकोणिसाव्या वर्षी भंगाराचा. क्लबांनीही इतकी वर्षे कागद निरखून पाहिले नाहीत. न पाहणे सोयीचे होते. वेकनी दाखला पाहिला आणि बकरी चालू ठेवली, त्यातलाच हा प्रकार.

पेज १९५३ पर्यंत सेंट लुईस ब्राउन्सकडून खेळला. त्या वर्षी सत्तेचाळिसाव्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यातही उतरला. मग परत गावोगावचे रस्ते. मेजर लीगचे पाच हंगाम हाताशी, पण निवृत्तिवेतनाला लागणाऱ्या मुदतीत १५८ दिवस कमी पडत होते. ही माहिती वाचली तेव्हा माझ्यातला बँकवाला जागा झाला. बावीस वर्षे दार बंद ठेवायचे आणि मग १५८ दिवस कमी म्हणून पेन्शन नाकारायची! १९६८ मध्ये त्याने एकेका संघाला विचारले. अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला सल्लागार आणि पिचर म्हणून पटावर घेतले, ते केवळ हे दिवस भरून निघावेत म्हणून. बासष्टाव्या वर्षी तो संघात होता आणि चेंडू टाकायची वेळ त्याच्यावर आली नाही.

१९७१ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. निग्रो लीगमधल्या कारकिर्दीसाठी निवडलेला तो पहिला खेळाडू. सुरुवातीला बेत असा होता, की या खेळाडूंच्या तसबिरी वेगळ्या दालनात लावायच्या. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा तो बेत मागे पडला. निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला डिसेंबर २०२० मध्ये, आणि त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत घातले गेले २०२४ मध्ये. आता नोंदवहीत त्याची सुरुवात बेचाळिसाव्या वर्षी नव्हे, एकविसाव्या वर्षी होते.

५ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटीत त्याच्या नावाच्या मैदानाचे उद्घाटन झाले. फुप्फुसांच्या विकाराने थकलेला पेज चाकाच्या खुर्चीत बसून आला होता. तीन दिवसांनी तो गेला. जन्मदाखल्याप्रमाणे त्याला शहात्तर पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. आईच्या बायबलाप्रमाणे अठ्ठ्याहत्तर.